लाइटबिल कुणाचे महाग, लंडनचे की कोळसेवाडीचे?

एप्रिल-मे महिन्याचे लाइटबिल हातात पडले की आपल्या वस्त्यांमध्ये दोन गोष्टी हमखास घडतात. घरात पंख्यावरून वाद होतो आणि मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. वीज जगात सगळ्यात स्वस्त भारतातच आहे, इंग्लंड-जर्मनीत युनिटला तीस-पस्तीस रुपये पडतात, तरी आपले लोक रडतात, असा त्याचा आशय. आपलेच शिकलेले तरुण तो पुढे पाठवतात. त्यातले परदेशी दर बहुतेक वेळा बरोबर असतात, चूक असतो तो त्यातून काढलेला निष्कर्ष. तो कसा चुकतो हे समजून घेतले तर आपल्या हातातले बिलही नीट वाचता येईल, म्हणून हा हिशेब मांडत आहोत.

आधी आपले बिल पाहू. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ या पट्ट्यात वीज देते महावितरण. भिवंडीत २००७ पासून आणि कळवा-मुंब्रा-शीळ भागात मार्च २०२० पासून वितरणाचे काम टोरंट पॉवरकडे आहे, पण दर तेच. ते ठरवते महाराष्ट्र वीज नियामक आयोग. बिलावर वीज आकार, वहन आकार, स्थिर आकार, इंधन समायोजन आकार आणि शेवटी १६ टक्के वीज शुल्क अशी रांग असते. २०२५ मध्ये नवा बहुवार्षिक दरादेश आला आणि लगेच वादातही सापडला, म्हणून आम्ही २०२४-२५ चे दर धरतो. त्या वर्षी वीज आणि वहन आकार मिळून पहिल्या १०० युनिटला ५.८८ रुपये, १०१ ते ३०० युनिटला ११.४६ रुपये, ३०१ ते ५०० ला १५.७२ रुपये आणि त्यापुढे १७.८१ रुपये असा दर होता.

स्थिर आकार अंदाजे १३० रुपये धरला आणि इंधन समायोजन बाजूला ठेवले, तर १०० युनिटचे बिल होते साधारण ८३३ रुपये. २०० युनिटचे होते साधारण २,१६० रुपये. वापर दुप्पट, बिल अडीचपटीहून जास्त. उन्हाळ्यात पंखा रात्रभर चालला, कूलर लागला, पाहुणे आले की शंभरचा उंबरठा ओलांडला जातो आणि पुढचे प्रत्येक युनिट जवळपास दुप्पट दराने लागते. ‘मीटर पळतोय’ अशी तक्रार घेऊन जे लोक आपल्याकडे येतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे मीटर ठीक असते. पळालेला असतो तो टप्पा.

आता इंग्लंड. तिथे ऑफजेम नावाची नियामक संस्था दर तीन महिन्यांनी कमाल दर जाहीर करते. एप्रिल ते जून २०२५ या काळात विजेचा कमाल दर सरासरी युनिटला २७.०३ पेन्स होता आणि आपल्या स्थिर आकारासारखा रोजचा आकार सुमारे ५४ पेन्स. म्हणजे महिन्याला १०० युनिट जाळणाऱ्या घराचे बिल ४३ पौंड. पौंड ११५ रुपये धरला तर जवळपास पाच हजार रुपये. कोळसेवाडीत ८३३, लंडनमध्ये ५,०००. संदेश पाठवणारा इथेच थांबतो.

पण लंडनचा कामगार रुपयांत कमावत नाही. एप्रिल २०२५ मध्ये तिथला २१ वर्षांवरील कामगारांचा किमान वेतनदर तासाला १२.२१ पौंड होता. ४३ पौंड मिळवायला त्याला साडेतीन तास काम करावे लागते. आपल्याकडे समजा अंबरनाथच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे काम करणाऱ्या कामगाराला महिन्याला १५,००० रुपये मिळतात. २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. तासाला पडतात ७२ रुपये. ८३३ रुपयांसाठी त्याला साडेअकरा तास राबावे लागते, म्हणजे जवळपास दीड दिवस. वीज तीच, युनिटही तेवढेच. रुपयांत आपली वीज सहापट स्वस्त आणि घामात तिपटीहून महाग.

हाच हिशेब इतर देशांना लावून पाहा. अमेरिकेत २०२३ मध्ये घरगुती विजेचा सरासरी दर १६ सेंट होता आणि एक घर महिन्याला सरासरी ८५५ युनिट वापरत होते. आपल्या चाळीतली आठ-दहा घरे मिळून एवढी वीज लागेल. तिथला संघीय किमान वेतनदर २००९ पासून ७.२५ डॉलरवरच अडकला आहे, त्यावर तिथल्या कामगार संघटनाही भांडत आहेत. तरीही १०० युनिटसाठी सव्वादोन तास पुरतात. जपानमध्ये युनिटला सुमारे ३१ येन आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये किमान वेतनाची देशभरातली सरासरी तासाला १,०५५ येन होती. म्हणजे तीन तास. थायलंडमध्ये २०२५ साली वीज युनिटला चार बाटच्या आसपास आणि बँकॉकची किमान मजुरी जुलैपासून दिवसाला ४०० बाट. म्हणजे एक पूर्ण दिवस. थायलंड काही श्रीमंत देश नाही, तरी तिथला मजूर आपल्या मजुरापेक्षा साडेतीन तास आधी मोकळा होतो.

विनिमय दराने देशांची तुलना करू नये हे आपल्याला कुणी परक्याने शिकवायला नको. बाबासाहेबांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाची पौंडाशी किंमत स्थिर राहण्यापेक्षा देशातल्या बाजारात त्याची खरेदीशक्ती स्थिर राहणे महत्त्वाचे, हा त्यातला गाभ्याचा मुद्दा. आपण त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठाचे फोटो चौदा एप्रिलला पाठवतो, आणि पंधरा तारखेला पौंडाला ११५ ने गुणून विजेची तुलना करतो.

एकट्या विजेवर घर चालत नाही. महिन्याला १२० युनिट वीज म्हणजे सुमारे १,१०० रुपये, आणि एप्रिल २०२५ मधल्या मुंबईतल्या दराने १४.२ किलोचा एक सिलिंडर ८५२.५० रुपये. दोन्ही मिळून साडेएकोणीसशे. वरच्या कामगाराचे २७ तास, पगाराचे १३ टक्के. इंग्लंडमध्ये त्याच काळात सर्वसाधारण घराच्या वीज आणि गॅसचा वर्षाचा कमाल अंदाज १,८४९ पौंड होता आणि इंग्लंड-वेल्समधले २०२५-२६ चे सरासरी पाणी-सांडपाणी बिल ६०३ पौंड. महिन्याला दोनशे पौंडांच्या थोडे वर, म्हणजे किमान वेतनाचे सतरा तास. यात थंडीत सगळे घर गरम ठेवणे आले, आंघोळीचे गरम पाणी आले, नळाचे पाणी आले. आपल्या २७ तासांत पाणी धरलेलेच नाही. तिथले घरभाडे पगाराचा लचका तोडते हे खरे, पण तो वेगळा विषय.

इथे थोडे विषयांतर, कारण राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती घेऊन आपली मुले-मुली दरवर्षी बाहेर जात आहेत. खोली घेताना भाड्यात वीज, गॅस, पाणी धरले आहे का, हे लेखी विचारा. पूर्णवेळ विद्यार्थीच राहत असलेल्या घराला इंग्लंडमध्ये कौन्सिल टॅक्स लागत नाही, पण त्यासाठी विद्यापीठाचे पत्र स्थानिक कौन्सिलला द्यावे लागते. खोलीत प्रीपेड मीटर असेल तर हिवाळ्यात त्यात किती पैसे जातात ते आधी राहून गेलेल्या मुलांना विचारा. आखाती देशांत कामाला जाणाऱ्यांचा अनुभव आणखी वेगळा. दुबईत पहिल्या २,००० युनिटपर्यंत परदेशी रहिवाशाला युनिटला २३ फिल्स मूळ दर लागतो, नागरिकाला त्याहून बराच कमी. कुवेतमध्ये तर नागरिकांच्या घरांना १९६६ पासून २ फिल्स एवढाच दर आहे, म्हणजे आपला एक रुपयाही नाही. तेलाच्या पैशावर चाललेली ही स्वस्ताई आहे, आणि ती कुणासाठी हे पासपोर्ट बघून ठरते.

दर किती, यापेक्षा आम्हाला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. गरिबाच्या पहिल्या काही युनिटांचे काय करायचे, हे तो देश कसे ठरवतो? बौद्ध देशांकडेच पाहू. भूतानने २०१३ पासून ग्रामीण घरांना महिन्याला १०० युनिट मोफत केली. लोकसंख्या लहान, नद्या मोठ्या, जलविद्युत भारताला विकून उत्पन्न मिळते, म्हणून ते परवडते असे कुणी म्हणेल. पण विकून आलेल्या पैशातून आधी स्वतःच्या गावातला दिवा लावायचा, हा निर्णय घ्यावा लागतो. थायलंडनेही २०१२ पासून छोट्या मीटरवर ५० युनिटच्या आत वापर ठेवणाऱ्या घरांना वीज मोफत दिली. बौद्ध देश नसलेल्या दक्षिण आफ्रिकेने वर्णभेद संपल्यावर गरीब घरांसाठी महिन्याला ६,००० लिटर पाणी आणि ५० युनिट वीज मोफत देण्याचे धोरण आणले.

श्रीलंकेत मात्र उलटे झाले. २०२२ च्या आर्थिक संकटात, नऊ वर्षांनी, ऑगस्टमध्ये वीजदर सरासरी ७५ टक्के वाढले. पण ३० युनिटच्या आत वापरणाऱ्या सगळ्यात गरीब घरांची वाढ होती २६४ टक्के. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा ६६ टक्के वाढ झाली. विहारांची बिले इतकी फुगली की भिक्खूंनी आवाज उठवला. पुढे दर उतरले, पण मधल्या काळात अनेक घरे अंधारात गेली. दर ‘वास्तववादी’ करा म्हणणारे तज्ज्ञ जेव्हा बोलतात, तेव्हा सरासरीच्या खाली कोण चिरडले गेले हे विचारायची सवय आपल्या कार्यकर्त्यांना लागली पाहिजे.

मग आपल्याकडे संरक्षण नाही का? आहे, कागदावर. दारिद्र्यरेषेखालील घरांसाठी वेगळा अतिशय कमी दर आहे, पण तो महिन्याला ३० युनिट वापरणाऱ्यांना. ३० युनिट म्हणजे काय? ७५ वॅटचा एक पंखा रोज १० तास चालला तर महिन्याला साडेबावीस युनिट होतात. नऊ वॅटचे दोन बल्ब रोज सहा तास, सव्वातीन युनिट. उरलेल्या चार युनिटांत टीव्ही, मोबाइलचे चार्जिंग आणि दहावीच्या मुलीचा रात्री एक वाजेपर्यंतचा अभ्यास बसवायचा. दुसरा पंखा लावला की तुम्ही त्या दरासाठी गरीब उरत नाही. पत्र्याच्या घरात, मे महिन्यात, कल्याणमध्ये. दिल्लीत २०१९ पासून २०० युनिटपर्यंत बिल शून्य येते, कर्नाटकात २०२३ पासून २०० युनिटपर्यंत सवलत आहे. महाराष्ट्रातल्या घरगुती ग्राहकासाठी असा आधार नाही.

याहून वाईट गोष्ट चाळीतल्या भाडेकरूंची. ठाणे, दिवा, कळवा, कल्याण पूर्व, सगळीकडे हे दिसते. मालकाच्या नावावर एकच मीटर, खोल्यांना उपमीटर, आणि मालक सांगेल तो युनिटचा दर. समजा चार खोल्या आहेत आणि प्रत्येकीचा वापर ६० युनिट आहे. प्रत्येकीचे वेगळे मीटर असते तर सगळी युनिटे ५.८८ च्या टप्प्यात बसली असती आणि बिल आले असते साधारण ५६० रुपये. एकाच मीटरवर २४० युनिट झाली की १४० युनिटांना ११.४६ चा दर लागतो, आणि वाट्याला येतात ६७० च्या वर. त्यावर मालकाने युनिटला १४ रुपये लावले तर ८४०. म्हणजे जो सगळ्यात कमी वीज वापरतो, तो श्रीमंताच्या टप्प्याचा दर देतो. वर्षाला तीन हजारांहून जास्त रुपये असेच जातात, आणि त्याची नोंद कुठल्याही सरकारी आकडेवारीत दिसत नाही, कारण आयोगाच्या लेखी तो भाडेकरू ग्राहकच नाही.

यावर कायद्यात उपाय आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. वीज कायदा, २००३ च्या कलम ४३ प्रमाणे वीजजोडणी मागण्याचा हक्क जागेच्या मालकाला आहे तसाच तिथे राहणाऱ्यालाही आहे. कागदपत्रांची कटकट होते आणि मालक खोली खाली करायला सांगेल ही भीतीही असते. म्हणूनच हे एकट्याने करायचे काम नाही. एका चाळीतल्या दहा भाडेकरूंनी मिळून अर्ज केले आणि सोबत विहार समितीचे दोन कार्यकर्ते उभे राहिले तर फरक पडतो. अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना नवीन जोडणीसाठी महावितरणने १४ एप्रिल २०२१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना सुरू केली होती. तिच्यात ५०० रुपये अनामत, तीही पाच हप्त्यांत, अशी सोय होती. अशा योजनांची मुदत ठरावीक असते, म्हणून अर्ज भरतानाच उपविभागीय कार्यालयात चौकशी करावी.

स्मार्ट मीटरचा प्रश्नही यातच येतो. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत आहे. चांगले आहे. पण सकाळी सहाची लोकल पकडून रात्री आठला घरी येणाऱ्या जोडप्याच्या घरात ९ ते ५ काय चालते? कुलूप. सवलत मिळते ती दिवसा घरात माणूस, वॉशिंग मशीन आणि एसी असलेल्यांना. प्रीपेड मीटरबाबत जून २०२४ मध्ये सरकारने जाहीर केले की सामान्य घरगुती ग्राहकांना ती बसवणार नाही. या शब्दाला सरकारला बांधून ठेवले पाहिजे. कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. प्रीपेडमध्ये पैसे संपले की दिवा आपोआप जातो, नोटीस कोण देणार? इंग्लंडमध्ये थकबाकीदारांच्या घरात घुसून जबरदस्तीने प्रीपेड मीटर बसवल्याचे उघड झाले तेव्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये तो प्रकार थांबवावा लागला. आजारी, म्हाताऱ्या माणसांची घरेही त्यातून सुटली नव्हती.

पाण्याबद्दल थोडक्यात. महाडचा सत्याग्रह केलेल्या समाजाला पाण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेत आलेली २७ गावे असोत की दिवा, नळ कोरडा राहिला की घर बाटल्यांच्या जारवर येते. २० लिटरचा जार ३० रुपयांना घेतला तर हजार लिटरला पडतात १,५०० रुपये. महापालिकेच्या नळाचे हजार लिटर मोजक्या रुपयांत मिळते. नळ नसलेला माणूस नळवाल्याच्या कितीतरी पट किंमत देतो, आणि पाणीपट्टीच्या कुठल्याही तुलनेत तो जार धरला जात नाही.

बाबासाहेब जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले, तेव्हा वीजही त्यांच्याच खात्यात होती. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी सार्वजनिक बांधकाम आणि वीज या विषयांवरच्या धोरण समितीपुढे त्यांनी जे भाषण केले, ते लेखन आणि भाषणांच्या दहाव्या खंडात आहे. वीज मुबलक आणि स्वस्त हवी, कारण तिच्याशिवाय उद्योग नाही आणि उद्योगाशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, ही त्यांची मांडणी. वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्नही त्यांनी तेव्हाच टेबलावर ठेवला होता. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले ते त्यांच्याच कारकिर्दीत. आम्ही हे अभिमानासाठी सांगत नाही. दरवाढीच्या हरकती नोंदवण्याच्या वेळी आपल्या संघटनांची निवेदने का दिसत नाहीत, हा प्रश्न आम्हाला पडतो, म्हणून सांगतो.

आयोगापुढे दरवाढीचा प्रस्ताव आला की कलम ६४ प्रमाणे लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्याव्या लागतात. हरकत मराठीत साध्या कागदावर देता येते. उद्योजक, मोठे ग्राहक, त्यांच्या संघटना आकडेवारीसह तिथे हजर असतात. चाळीतल्या उपमीटरचा हिशेब घेऊन जाणारा कुणी नसतो. वैयक्तिक तक्रारीसाठी ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, तिथे वकील लावावा लागत नाही. त्यावर विद्युत लोकपाल आहे. आणि दोन वर्षांपूर्वीची थकबाकी, जी मधल्या बिलांत सतत दाखवलेली नाही, ती कलम ५६(२) प्रमाणे वसूल करता येत नाही. खोली विकत घेतल्यावर जुन्या मालकाची बिले दाखवून घाबरवले जाते तेव्हा हे कलमही तपासून घ्यावे.

तथागतांनी व्यग्घपज्ज सुत्तात गृहस्थाला चार गोष्टी सांगितल्या, त्यातली एक समजीविता. मिळकत आणि खर्च दोन्ही ओळखून, ना उधळपट्टी ना उपासमार, असे जगणे. मिळकत ओळखायची तर पगाराचे तास मोजावे लागतात आणि खर्च ओळखायचा तर बिल वाचावे लागते. वर्षावासात विहारात प्रवचने होतातच. एका रविवारी सगळ्यांना आपापले बिल घेऊन बोलवा. मंजूर भार, वर्गवारी, मागील आणि चालू रीडिंग, टप्पे, थकबाकी, एवढे पाच रकाने वाचायला शिकवले तरी पुष्कळ. चुकीची वर्गवारी किंवा सरासरीने काढलेले बिल त्याच दिवशी सापडेल.

सुरुवात विहाराच्याच मीटरपासून करावी. प्रार्थनास्थळाला घरगुती दर लागू आहे, पण सभागृह लग्नाला भाड्याने दिले की त्या भागाला व्यावसायिक दर लागतो. काही विहार वर्षानुवर्षे चुकीच्या वर्गवारीत बिल भरत असतील तर ते सुधारून घेता येते. छतावरच्या सौरऊर्जेचाही विचार व्हावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण ते स्वतःचे छत असलेल्या घरांसाठी. चाळीत आणि झोपडपट्टीत छत असते पत्र्याचे आणि दुसऱ्याचे. विहाराचे छत मात्र समाजाचे असते. श्रीलंकेत भारत सरकारच्याच मदतीने पाच हजार धार्मिक स्थळांवर सौरसंच बसवले गेले, एप्रिल २०२५ मध्ये त्यांचे उद्घाटन झाले. अनुराधापुरला जे जमले ते कल्याण पूर्वेत वर्गणी आणि आमदार निधीतून जमवता येते का, याचा हिशेब ज्या विहार समित्यांनी मांडला असेल त्यांनी तो आम्हाला जरूर पाठवावा. खर्च, मीटरची वर्गवारी आणि बसवल्यानंतरची सहा महिन्यांची बिले एवढे असले तरी चालेल.